तिसरी पसंती

५ मे

निवड झाली! हायस्कूलच्या मुलांसाठीची उन्हाळी विज्ञान-अभियांत्रिकी इंटर्नशिप. मला नवल वाटलं नाही, घरच्यांना वाटलं.

फक्त लॅब तिसऱ्या पसंतीची मिळाली. पहिली रोबोटिक्स, दुसरी उपग्रह. तिसरा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना, म्हणून डोळे मिटून 'पर्यावरण अभियांत्रिकी'वर क्लिक केलं होतं. कॉम्प्युटरची चूक आहे, उघड आहे. असो. झाडंबिडं मोजायला लावतील.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. प्रत्येक लॅबमधून एका विद्यार्थ्याची शिफारस होते, डिसेंबरातल्या रोबोटिक्सच्या निवासी शिबिरासाठी. पुढच्या दाराने नाही घेतलं, मागच्याने जाऊ. माझ्या लॅबला मी धरून दोघेच आहेत. शिफारस माझीच. बाबांना तसं सांगितलं. बाबांनी ऑफिसात पेढे न वाटता नुसतं सांगून टाकलं. चिंगूसपणा.

१२ मे

शी. शी. शी.

पर्यावरण म्हणजे झाडं नव्हेत. पर्यावरण म्हणजे शहराचं सांडपाणी. सकाळपासून गावभर लोकांनी जे जे काही केलं, ते सगळं पाइपातून इथे येतं. लॅबच्या खिडकीतून गोल टाक्या दिसतात. वर एक लोखंडी दांडा सावकाश फिरतो आणि साय काढल्यासारखा फेस बाजूला करतो. मी खिडकी लावून घेतली. लॅबच्या मॅडमनी उघडली.

लॅबमध्ये टेबलावर एक काचेची टाकी आहे, घरात मासे ठेवतात तेवढी. मासे नाहीत. तपकिरी पाणी, आणि खालून पंपाचे बुडबुडे. मॅडम म्हणाल्या की हा गाळ जिवंत आहे, यातले जिवाणू घाण खातात आणि पाणी स्वच्छ होतं, आणि पुढचे सहा आठवडे ही टाकी तुम्ही दोघांनी सांभाळायची. मग त्यांनी टाकीत चक्क नाक घातलं. म्हणाल्या, चांगल्या गाळाला ओल्या मातीचा वास येतो, आजारी गाळ सडका येतो, यंत्रापेक्षा नाकाला आधी कळतं. आम्हालाही हुंगायला लावलं. मी श्वास रोखून मान डोलावली.

दुसरी इंटर्न माझ्याच वयाची, दुसऱ्या शाळेतली. सतत मायक्रोस्कोपला डोळा. मी तिचं नाव भिंग ठेवलं. भिंगने टाकी हुंगली आणि म्हणाली, छान आहे की! अशा मुलीशी माझी स्पर्धा म्हणे.

१३ मे

आईने बाल्कनीत कपडे बदलायला लावले. धाकट्या बहिणीने आपलं ताट उचललं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली. नाकाने कांदे सोलते नुसती.

संकल्प: दोन मास्क. तीन जोड ग्लोव्ह्ज. कशालाही हात न लावता नेतृत्व करायचं. नियोजन मी बघेन, हात भिंगने घालावेत. हुशार माणसं असंच करतात.

१९ मे

रोजचं काम कळलं. टाकीला दुधाची पावडर आणि साखर मोजून घालायची, कारण तिथे सांडपाण्याच्या जागी हेच खायला असतं. मग उंच नळकांड्यात गाळ घेऊन तो किती खाली बसतो ते बघायचं. मग ऑक्सिजनचा मीटर. मीटर ही इथली एकमेव स्वच्छ वस्तू आहे, म्हणून मीटर मी घेतला. आकडा रोज दोनच्या आसपास. वाढतच नाही. मी विचारलं की जास्त ऑक्सिजन बरा नाही का. मॅडम म्हणाल्या की विचार कर, का वाढत नसेल. शिकवायचा कंटाळा येतो लोकांना.

भिंगला मायक्रोस्कोपखाली देठावर घंटेसारखे जीव दिसतात. ती त्यांना घंट्या म्हणते. रोज मोजते, आज चौदा, काल अकरा. तिच्या आग्रहाखातर एकदा बघितलं. एक घंटी झटकन आखडली आणि परत उघडली. मला बघून. डबा तसाच घरी नेला. आई म्हणाली अन्नाला नावं ठेवतोस. नावं अन्नाला नाहीत गं आई.

२७ मे

माझी कल्पना: टाकीला आपोआप खाऊ घालणारा यांत्रिक हात. पुठ्ठा, मोटर, चमचा. म्हणजे कुणाला जवळ जायलाच नको, आणि शिबिरासाठी आयतंच रोबोटिक्स. मॅडम म्हणाल्या, करून बघ. या मॅडमचं हेच चांगलं आहे, माणसाला ओळखतात.

२८ मे

हाताने चमच्याऐवजी अख्खा डबा ओतला. दोष मोटरचा. टाकी फसफसून टेबलभर, टेबलावरून फरशीभर, फरशीवरून माझ्या डाव्या बुटात. वास सांगत नाही. भिंगने पुसलं. मी मोटर वाळवली. तिने विचारलं की हा हात मी घेऊन बघू का. घे म्हटलं. मोडक्या वस्तूंची मला आसक्ती नाही.

३ जून

आज इतिहास घडला. सविस्तर लिहितो.

मॅडम मीटिंगला बाहेरगावी. भिंग दाताच्या डॉक्टरकडे. लॅबची जबाबदारी माझ्यावर. टाकीकडे नीट बघितलं. काचेला आतून बुळबुळीत थर. कोपऱ्यात काहीतरी केसासारखं, आणि ते हलत होतं! इंटर्नशिपच्या शेवटी आमच्या कामाचं पोस्टर प्रदर्शन आहे, त्याला पालक येणार, बाबा येणार, आणि त्यांना हे दाखवायचं? इतके आठवडे एकाही माणसाला ही टाकी धुवावीशी वाटू नये, याची मला मनापासून किळस आली.

सिंकखाली जंतुनाशकाची बाटली होती, लिंबाच्या वासाची. वर ठळक लिहिलंय, नव्याण्णव टक्के जंतू मारते. एवढा सोपा उपाय आणि एवढ्या शिकलेल्या लोकांना सुचू नये! अख्खी बाटली ओतली. अर्धवट कामाचा मला तिटकारा आहे.

पहिल्यांदा या खोलीत माणसासारखा श्वास घेतला. आणि दुपारी मीटर लावला तर, आठ! दोनावर अडकलेला आकडा आठ! तीनदा मोजलं. बाबांना फोन केला की ऑक्सिजन चौपट केला. बाबा म्हणाले की म्हणजे नक्की काय. मी म्हटलं, म्हणजे शिबिर. त्यांनी लगेच फोन ठेवला, बहुधा ऑफिसात सांगायला.

४ जून

मॅडम दारातच थांबल्या. आत यायच्या आधीच नाक वर केलं. लिंबू, म्हणाल्या. एवढंच. मग खुर्ची ओढून बसल्या.

मी आठचा आकडा दाखवला. त्यांनी मीटर पुन्हा लावून बघितला. मग अगदी हळू आवाजात सांगितलं की पंप रोज तेवढीच हवा सोडतो, गाळातले जीव ती घेतात म्हणून दोन उरतात. आज आठ उरले, कारण घ्यायलाच कोणी उरलं नाही.

हे आधी सांगायला हवं होतं. मॅडम म्हणतात पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हा मी श्वास रोखून होतो, श्वास रोखल्यावर ऐकू कमी येतं.

भिंगने मायक्रोस्कोप लावला. एकही घंटी उघडत नव्हती. तिने चष्मा काढला आणि रडायला लागली. हुंदके देऊन, नाक ओढत. जिवाणूंसाठी! मी म्हटलं की अगं, जंतूच तर होते. ती म्हणाली, तुझ्याशी मला बोलायचंच नाही.

अतिशय किळसवाणा दिवस. मला नक्की कशाची किळस येतेय ते लक्षात येत नाहीये. जेवलो नाही.

६ जून

मोठ्या टाकीतून नवा गाळ आणला. बादली मॅडमनी माझ्या हातात दिली. पायऱ्या उतरताना हिंदकळून उजव्या बुटात. आता दोन्ही सारखे झाले.

पोस्टर बदललं. मॅडमचं म्हणणं, जे घडलं तेच मांडा, विज्ञानात चूक लपवायची नसते. भिंगजवळ आधीचे सगळे आकडे होतेच, माझा आठ मिळाला, आणि आता नवा गाळ कसा रुळतोय ते ती रोज मोजते. कुजबुजायचं तर मला सांगून कुजबुजा, असं मी दोघींना सांगितलं. त्या ऑक्सिजनबद्दलच बोलत होत्या म्हणे.

पण नीट विचार केला तर पोस्टरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा माझा आहे. आठ नसता तर आलेख सपाट असता. शिफारस अजून माझ्याच बाजूला झुकतेय.

२० जून

प्रदर्शन. आई, बाबा, धाकटी, शिवाय बाबांच्या ऑफिसातले साहेब. साहेबांना कुणी बोलावलं होतं? बाबांनी.

आलेखात रेघ दोनावरून सरळ आभाळात जाते. परीक्षकांनी विचारलं की इथे काय झालं. भिंग माझ्याकडे बघत राहिली. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं की इथे एका बाह्य घटकाचा प्रवेश झाला. परीक्षकांनी विचारलं, कोणता. मी म्हटलं, जंतुनाशक. कुणी टाकलं? मी म्हटलं की व्यक्ती महत्त्वाची नसते. तेवढ्यात धाकटी मोठ्यांदा म्हणाली की दादाने, घरी आल्यावर स्वतःच सांगत होता. साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. बाबा दुसऱ्या पोस्टरकडे गेले आणि तिथेच थांबले.

शेजारच्या टेबलावर माझा यांत्रिक हात उभा होता. भिंगने पुठ्ठा काढून पत्रा लावलाय. एक चमचा घेतो, सपाट करतो, हलकेच ओततो, परत जागेवर. परीक्षक तिथून हलेनात. खाली तिने 'मूळ कल्पना' म्हणून माझं नाव लिहिलंय. निदान एवढं तरी मनाचं मोठेपण तिने दाखवलं.

२३ जून

शिफारस भिंगची.

बाबांना सांगितलं. म्हणाले, बरं. ओरडले असते तर बरं झालं असतं. दार लावून घेतलं. उशीला लिंबाचा वास येतोय असं वाटलं. उशी बाहेर फेकली.

१ जुलै

शाळा सुरू. मुलांनी माझं नाव फिनेल ठेवलंय. ही बातमी फोडणाऱ्याचा मला उबग आला आहे. (धाकटी.) दोन दिवसांत विसरतील.

५ डिसेंबर

फिनेल म्हणे. अजून.

पण आज मॅडमनी स्वतः बोलावलं. मला माहीत होतं, माझ्यावाचून अडणार. इंटर्नशिप संपल्यावरही टाकी भिंगच बघत होती, आता ती शिबिराला गेली. टाकीला खाऊ तिचा पत्र्याचा हात घालतो, मीटर आपोआप नोंद करतो. फक्त वास यंत्राला घेता येत नाही. शिबिर संपेपर्यंत ते काम मी करायचं. मॅडम म्हणाल्या की काय झाल्यावर ही टाकी मरते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

बाबांना सांगितलं, क्वालिटी कंट्रोल.

१२ डिसेंबर

टाकीत नाक घातलं. ओली माती. भिंगला फोन करून कळवलं की सगळे ठीक. तिने घंट्या विचारल्या. सतरा, म्हटलं. मोजल्या म्हणून सांगत नाही, सहज नजर गेली.

१९ डिसेंबर

आज वासच नाही.

पुन्हा हुंगलं. काही नाही. नाक पाण्याला टेकलं तरी काही नाही. कुणी बाटली तर ओतली नाही ना, म्हणून सिंकखाली बघितलं. त्या कपाटाला कुलूप आहे, माझ्याचमुळे. मॅडमना फोन केला, सगळे मेले म्हणून. मला नीट बोलताही येईना. सुट्टीच्या दिवशी बिचाऱ्या घरच्या चपलांवर धावत आल्या. टाकी हुंगली. मीटर बघितला, दोन. मग माझ्याकडे बघितलं आणि रुमाल दिला.

टाकी ठणठणीत आहे. सर्दी मला झालीय.

नाक मोकळं होईपर्यंत काम दुसऱ्याला द्यावं लागणार. आईने सुचवलं, धाकटीला पाठवू. मी म्हटलं की ती ताट उचलून पळते, तिला काय जमणार.

२० डिसेंबर

धाकटीने एकदाच हुंगलं आणि सांगितलं, ओली माती, पण डाव्या कोपऱ्यात जरा आंबूस. मॅडमनी बघितलं तर डाव्या बाजूला पंपाचे बुडबुडे खरंच मंद येत होते. मॅडम खूश. धाकटी त्याहून. पुढच्या वर्षी ती इंटर्नशिपचा फॉर्म भरणार आहे. पर्यावरण अभियांत्रिकी.

पहिली पसंती.

शी.