पलंगाखालचा अनुभव

दादा,

परवा फोनवर तू म्हणालास, "बँकेतली चांगली नोकरी सोडून पोरांची नाकं पुसणार?" आज त्या बालवाडीत मुलाखत झाली. शिकवायचं आणि एखाद्या मुलाला घरी त्रास असेल तर त्याची बाजू मांडायची, असं काम आहे.

मुख्य बाईंनी काही विचारलंच नाही, थेट वर्गात नेलं. चार वर्षांची एक मुलगी सकाळपासून टेबलाखाली बसली होती. माझ्या आधीच्या उमेदवाराने बाहुली दाखवली, लाडीगोडी लावली. पोरगी ढिम्म हलली नाही. मी रांगत आत शिरले आणि तिच्याकडे पाठ करून बसले. कपडे मळले, कंबर धरली. बऱ्याच वेळाने माझ्या पाठीला एक डोकं टेकलं.

"हे कुठे शिकलात?" बाईंनी विचारलं.

"घरी."

बाबांचा आवाज चढला की मी पलंगाखाली शिरायचे. तू मागोमाग यायचास आणि माझ्याकडे पाठ करून बसायचास. एकदा त्यांनी आत हात घातला, तेव्हा तू म्हणालास, "ती घाबरलीये. तिला नका ओढू." नऊ वर्षांचा होतास. त्या दिवशी मार तू खाल्लास.

हे पत्र पाठवणार नाही. "मला नाही आठवत," म्हणशील आणि दिवसभर जेवणार नाहीस.

अर्जात शेवटचा प्रश्न होता, 'मुलाची बाजू घेताना तुम्ही कोणाला पाहिलंय?'

मी तुझं नाव लिहिलं.

तुझ्या पाठीमागची,
टिंगी