बोलण्याला लागणारी जागा

आप्पा,

तुमच्या लॅपटॉपमध्ये नवी डिस्क बसवून आणली. आधीच्यापेक्षा दुप्पट मोठी आहे. घरी आणून टेबलावर ठेवला, बटण दाबलं, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू झाला. पूर्वी तो सुरू होईपर्यंत तुमचा अर्धा चहा व्हायचा आणि तुम्ही बोटांनी टेबल वाजवत बसायचात. आता निळा पडदा येतो, कोपऱ्यात कचऱ्याची टोपली दिसते, बाकी काही नाही. तुमचं त्यात होतं ते सगळं गेलं. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला पाहिजे, म्हणून त्याच्यावरच लिहायला बसले आहे.

लहानपणी सुट्टीत तुम्ही मला बेळगावच्या कोर्टात न्यायचात. मी बाहेर झाडाखाली चिंचा खात बसायचे आणि तुमचा आवाज भिंतीतून तिथपर्यंत यायचा. न्यायाधीशांपुढं कन्नड, पक्षकारांशी मराठी, आणि घरी चपला काढल्या की निपाणीकडचं, गावचं. मी बोलायला लागले की माझं वाक्य ओठांतच विरायचं. एकदा शाळेतलं काहीतरी गाऱ्हाणं सांगत होते, तर तुम्ही वर्तमानपत्र खाली ठेवून ओरडलात, "पुटपुटू नगं. तोंड उघडून बोल. ऐकूच न्हाय आलं तर खरं असून काय उपेग?" त्यानंतर दोन दिवस मी तुमच्याशी बोललेच नाही, आणि ते तुमच्या लक्षातही आलं नाही. कोटाच्या खिशात तंबाखूची डबी असायची. आई टोकायची तेव्हा म्हणायचात, निपाणीच्या माणसानं तंबाखू सोडायची म्हणजे गाव सोडायचं. मग घशात ते निघालं, आणि स्वरयंत्र काढल्याशिवाय इलाज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही सगळे खाटेभोवती उभे आहोत. आईनं देवाचा अंगारा पुडीतून आणलाय. अण्णा आणि वहिनी पुण्याहून आलेत. तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून आम्ही वाट बघतोय, आणि तुम्ही छताकडं बघताय. तेवढ्यात स्ट्रेचर घेऊन माणूस आला, दार सताड उघडं राहिलं, गार वारा आत आला. तुम्ही त्याला म्हणालात, "बागिलु हाकप्पा." दार लाव रे बाबा. तुमच्या गळ्यातून निघालेलं ते शेवटचं. आईला ते कितीतरी वर्षं लागून राहिलं होतं. म्हणायची, "शेवटचं बोलले ते बी आमच्याशी न्हाय." आणि तो आवाज कुणी कुठं धरूनही ठेवला नाही. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत तुम्ही पंगतीला आग्रह करताना दिसता, पण वर बँड वाजतोय. तुमचे नुसते ओठ हलतात.

लॅपटॉप अण्णानं आणून दिला. कागदावर लिहून दाखवायचं म्हटलं तर तुमचं अक्षर तुमच्या कारकुनाखेरीज कुणाला लागत नव्हतं. एकेक बोटानं शिकलात. मग पोरगा कडेवर घ्यावा तसा तुम्ही तो हातावर घेऊन घरभर फिरायला लागलात. स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर ठेवायचात, कळफलकावर पीठ सांडायचं, आई म्हणायची, "थांबा, चष्मा घेऊ दे." तुम्ही टाइप करायचात ते सगळं गावचं, व्हय आणि न्हाय आणि कशापायी, आणि मशीन त्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढायचं. राग आला की तुम्ही अक्षरं मोठी करायचात. फार राग आला की एकच शब्द पडदाभर. मग आईनं एक युक्ती काढली: भांडण रंगात आलं की ती चष्मा काढून पदरात ठेवायची. तुम्ही पडदा तिच्या तोंडापुढं नाचवायचात, शेवटी वाटी घेऊन ओट्यावर आपटायचात. मी दारात उभी राहून हसायचे. आता ते आठवून हसू येत नाही.

मग तो लॅपटॉप इतका मंद झाला की तुम्ही शब्द टाइप करून तो उमटायची वाट बघत बसायचात. स्वतःच्याच बोलण्याची वाट. एका शनिवारी मी सुट्टी काढली आणि आपण रिक्षानं कॉलेज रोडवरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, डिस्क गच्च भरलीय, मोठी घालूया. लॅपटॉप त्याच्या हातात देण्याआधी तुम्ही टाइप करून पडदा त्याच्याकडं फिरवलात: माझं बोलणं किती जागा खातंय बघा. तुम्ही सगळं एकाच फाइलीत बोलायचात, खाली खाली. त्यानं ती शोधली आणि म्हणाला, "काका, हे कायच न्हाय. एका फोटोएवढं बी न्हाय. जागा समदी नातवाच्या बारशाच्या व्हिडिओनं खाल्लीया." तुम्ही हसलात, म्हणजे खांदे हलले आणि गळ्यावरचा पांढरा रुमाल थरथरला. मी नाही हसले. ऑपरेशनपासूनची सगळी भांडणं, औषधांची विचारपूस, अण्णाला दिलेले सल्ले, आणि ते एका फोटोएवढंही नव्हतं.

जुन्यातलं सगळं नव्यात उतरवायला दुपार होणार होती. आपण शेजारच्या हॉटेलात बसलो. तुम्हाला गिळायला सोपा म्हणून शिरा मागवला. समोर लॅपटॉप नाही, तुम्हाला बोलता येणार नाही, आणि मी एकदम बोलायला लागले. जवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात ऑफिसची नोकरी लागली म्हणून माहेरी राहते, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. तुम्हालाही. खरं म्हणजे संकेश्वरच्या त्या घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मारलं नाही, शिवी दिली नाही. नवरा ताटावर बसायचा, जेवायचा, उठून जायचा. काही विचारलं तर भिंतीकडं बघायचा. महिनोन् महिने. मी स्वयंपाकघरात भांड्यांशी बोलायला लागले होते, आप्पा. एरवी तुम्ही मध्येच उलटतपासणी सुरू केली असतीत, कधीपासून, का, कुणाला सांगितलंस. त्या दिवशी तुम्ही शिऱ्याची बशी बाजूला सारलीत आणि माझं मनगट धरलंत. वेटर येऊन आणखी काय आणू विचारून गेला, तरी सोडलं नाही.

परत येताना दुसऱ्या रेल्वे गेटाला रिक्षा थांबली, आगगाडी यायची होती. तुम्ही मांडीवर लॅपटॉप उघडलात. आता अक्षर बोटाखालीच उमटत होतं. परत जायचं न्हाय, एवढं लिहिलंत. मग खाली लिहिलंत: आईला मी सांगतो.

आणि सांगितलंत. घरी गेल्यावर आईला खुर्चीत बसवलंत, तिचा चष्मा स्वतःच्या रुमालानं पुसून तिच्या हातात दिलात आणि उभ्या उभ्या टाइप करायला लागलात. आई ओठ हलवत वाचत होती. त्या दिवशी तिनं चष्मा काढला नाही. वाचून झाल्यावर मला म्हणाली, "जेवून घे गं. उपाशी राहून काय हुतंय." पुढच्या रविवारी ती स्वतः संकेश्वरला गेली आणि माझं कपाट रिकामं करून आली.

दुखणं पुढं छातीत उतरलं. शेवटी शेवटी दवाखान्यात तुमची बोटं चालेनात. एकच कळ दाबलेली राहायची आणि पानभर तेच अक्षर उमटत जायचं. आई विचारायची, "काय म्हणत्यात?" मी म्हणायचे, पाणी मागतात. तुम्ही पाणी प्यायचात. तेच मागत होता का, देव जाणे.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी काचबिंदूनं आईची नजर नेली. तेव्हापासून संध्याकाळी दिवा लावून झाला की ती म्हणते, "त्यांचं वाच की." मी ती फाइल उघडून वाचायचे. व्हय. न्हाय, त्यो न्हवं, निळा. डाळीत मीठ बरं हाय. तुझ्या भावाला सांग मी अजून मेलो न्हाय. त्यात फक्त तुमचंच बोलणं, समोरच्याचं काहीच नाही. वाचणाऱ्याला अर्थ लागायचा नाही. पण आईला लागायचा. "निळा म्हणजे स्वेटर. निळा का करडा, म्हणून मी विचारलं हुतं." असं ती प्रत्येक वाक्याच्या आधीचं आपलं वाक्य भरायची. कधी कधी तुमच्यावर पुन्हा चिडायची. घरात तेवढा वेळ नवरा-बायको बोलत असायचे आणि मी मधे.

दिवाळीनंतर डिस्क टक् टक् वाजायला लागली. मी काही करायच्या आत लॅपटॉप सुरूच होईना. दुकानात सांगितलं, नवी बसवून देतो, पण जुन्यातलं निघत नाही, आतली चकतीच खराब झालीय. बंगळूरला पाठवून बघितलं. ती बंद पाकिटात तशीच परत आली. एक प्रत काढून ठेव, असं अण्णा कितीदा म्हणाला होता. हा लॅपटॉप चालतोय तोवर तुम्ही इथंच आहात असं मला वाटायचं, त्यामुळं राहून गेलं.

आईला सांगता आलं नाही. लॅपटॉप आणला त्या संध्याकाळी तिनं विचारलं, "झाला का बरा?" मी म्हटलं, झाला. "मग वाच." मी कोरं पान उघडलं आणि वाचायला लागले. पाठ होतं ते सगळं म्हटलं. आई उत्तरं देत होती. थोड्याच दिवसांत पाठ होतं ते संपलं. मग मी जोडायला लागले. एकदा म्हटलं, भाजी झ्याक झालीया. आई म्हणाली, "हे कधी म्हटले? भाजीला चांगलं म्हणायचा त्यांचा स्वभाव न्हाय." मग म्हणाली, "बरं, वाच फुडं." तिला कळलंय की नाही, मला सांगता येत नाही.

परवा ती चाचपडत पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मला काही सुचेना. पडद्याकडं बघत मी म्हटलं, तुला लई तरास दिला मी. तिचे हात थांबले. हातातली शेंग खाली ठेवून म्हणाली, "असू द्या हो." मला ती असं म्हणत नाही. मग पदर डोळ्यांना लावून मला म्हणाली, "परत वाच गं." मी परत वाचलं.

आप्पा, हे तुम्ही कधी म्हटलं नव्हतंत. ती सगळी फाइल मी इतक्यांदा वाचली आहे, त्यात ते कुठंही नव्हतं. अजून चार वर्षं मिळाली असती तर म्हटलं असतंत का, तेही मला ठाऊक नाही. तुमच्या तोंडी ते मी घातलं. हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आता आई उठेल. काल आणि परवा तिनं तेवढंच एक वाक्य मागितलं, आजही मागेल, आणि मी वाचणार आहे.