केकताडाचा फास

६ जाने., मंगळ.
शनिवारी शाळेचं शिबिर, माळावर. ‘रानात अडकलो तर कसं जगायचं’ हा तास माझ्या गळ्यात. फास लावून दाखवायचा, धरायचं काही नाही. पुस्तकावरून जमेना म्हणून पारधी वस्तीवर लिंबाजी आबांकडे गेलो. सत्तरी ओलांडली. एके काळी तितर धरायचे, आता मजुरी. म्हणाले, फांदी निरगुडीची घ्या, ओली, वाळकी मोडते. दोरी?
“दाखवायचंच हाय तर गवताची वळा. चुकून काय घावलं तर तोडून जाईल. केकताड नगं.”

८ जाने., गुरु.
गवताची दोरी दोनदा तुटली. पोरांसमोर तुटली तर वर्षभर हसतील. बांधावरची केकताडाची, म्हणजे घायपाताची, पानं ठेचून, खरवडून वाक, म्हणजे आतला धागा, काढला, भिजवून वळला. बैल बांधावा अशी दोरी. आबांना परत विचारलं नाही. मी बी.एस्सी., त्यांना काय विचारायचं!

१० जाने., शनि.
शिबिर झकास. तीन फास लावले, टाळ्या पडल्या. मु. अ. खूश. दोन काढले. बोरीच्या जाळीमागचा तिसरा फोटोंच्या नादात राहिला. उद्या काढू.

११ जाने., रवि.
तुळजापूरला, साडूंकडे. फास आठवलाच नाही.
खोटं. एसटी सुटताना आठवला होता. उतरलो नाही.

१२ जाने., सोम.
कौसाबाईंची गाभण शेळी त्या फासात. पाय मोडला. दोन काड्या लावून मीच बांधला. “सर, तुमी व्हता म्हणून,” म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. शाळेचे फास त्याच दिवशी निघाले, असं सगळे धरून. चावडीवर सगळ्यांनी एकच नाव घेतलं, लिंबाजी. मी तिथंच उभा. वर चहाही घेतला.

१३ जाने., मंगळ.
आबांना चावडीवर बोलावलं. फास पुढ्यात टाकला. त्यांनी दोरी बोटांत फिरवली, वाक ओळखला. माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. मग खाली बघून म्हणाले, “माजाच हाय.”
सरपंच नको नको ते बोलले. मी चप्पल बघत होतो. लाज वाटते, असं इथं लिहितोय. लिहायला काय लागतं.

१५ जाने., गुरु.
शाळा सुटल्यावर वस्तीवर. आबा, असं का केलंत?
“न्हाय म्हणलो असतो तर कोन ऐकणार व्हतं? मारून कबूल करून घेतलं असतं. त्यापरीस हे बरं.”
मी माफी मागायला तोंड उघडलं, तर—
“म्या वाट बघितली, सर. तुमी बोलताल म्हणून.”
घरी आलो. जेवण गेलं नाही. हिनं विचारलं, पित्त म्हणालो.

१७ जाने., शनि.
आज सांगायचंच, म्हणून सरपंचांकडे गेलो. वाटेत वाक्यं जुळवली होती. दारातच म्हणाले, “बरं झालं आलात, सर. मी बोलवणारच व्हतो.” पुढं कागद. पारधी वस्ती माळावरून उठवावी असा तहसीलदारांना अर्ज. कारण, फासे लावून जनावरं मारतात.
“पहिली सही शिकल्या-सवरल्या माणसाची असली की वजन पडतं. तुमी तर शेळीचा पाय बांधलात.”
वाचून देतो म्हणालो. आणला घरी. टेबलावर आहे.
सही केलेली नाही. फास माझा होता, हेही सांगितलेलं नाही. सोमवारी कागद न्यायला माणूस येणार आहे.