आबांचं गाणं

रविवार, ९ मार्च
सकाळचे साडेनऊ

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, वेळेवर जेवत नसशील आणि चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधत असशील, असं धरून चालतो. मी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याच्याकडे लक्ष देत नाही आणि तो माझं ऐकत नाही.

कामाचा ढीग आहे. सगळे दातांचे डॉक्टर एकदम जागे झाल्यासारखी मापं पाठवतायत. या आठवड्यात सात कवळ्या झाल्या. त्यातल्या एका आजोबांचा निरोप होता, दात जरा पिवळट करा, फार पांढरे दिसले तर लोक विचारतील. मला तो माणूस आवडला. तुझी आई परवा येऊन गेली. तिनं तुझ्या खोलीचे पडदे बदललेत आणि आपल्या गाण्यांबद्दलचं तिचं मत मात्र तेच आहे: "हे गाणं आहे की फ्रिज बिघडलाय?"

शनिवारची बैठक चालू आहे. चार वाजता मी घासायचं मशीन बंद करतो, टेबलावरचं प्लास्टर पुसतो आणि कवळ्यांचे साचे फडताळात ढकलतो. शिंपीणबाई त्या मोडक्या डेंटल खुर्चीत, ग्रंथपाल स्टुलावर, बाकीचे तीन-चार जण सतरंजीवर. नियम तोच, रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मध्यंतरी एक नवीन गृहस्थ आले. त्यांनी विचारलं, "ट्रिप हॉप म्हणजे नेमकं काय हो?" मी घसा खाकरला, तेवढ्यात शिंपीणबाई म्हणाल्या, "ड्रम दमून चालतो, खालून बेस गुरगुरतो, कुठली तरी जुनी रेकॉर्ड चरचरते आणि वर कुणीतरी असं गातं, की त्याला कुणाला काही पटवायचंच नाहीये. घाई असेल तर हे तुमचं काम नाही." गृहस्थ सतरंजीवर मांडी घालून बसले आणि तेव्हापासून एक शनिवार चुकवलेला नाही. मला सोळा वर्षांत हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

एवढं वाचून तू म्हणशील, मामा, पाल्हाळ पुरे, मुद्द्यावर ये. येतो.

त्या शनिवाराला आता सात महिने झाले. तुला सगळं माहीत आहे, तरी एकदा माझ्या हातानं लिहू दे. आबांची रेकॉर्ड मी भंगारवाल्याकडून आणली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. कव्हर नव्हतं, मधलं लेबल फाटलेलं. रेकॉर्ड मोठी, म्हणून मी वेग मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांवर ठेवला. पंचेचाळीसवर लहान रेकॉर्ड वाजतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. आणि त्यातून तो आवाज आला. खोल, थकलेला, पुरुषाचा. आपण त्याचं नाव आबा ठेवलं. मी तर त्यांचा अख्खा जन्म रचला. साठी उलटलेली, बंदरावर नोकरी, बायको गेलेली. तू माझ्या टेबलाखाली बसून विचारायचीस, "आबांना मुलं किती?" मी सांगायचो, दोन, पण फोन करत नाहीत. तुला त्या मुलांचा फार राग यायचा.

मग दर बैठकीचा शेवट आबांनीच व्हायला लागला. ग्रंथपालांची बायको आजारी होती त्या वर्षी ते एकदा म्हणाले होते, "या माणसाला माझं कळतं." तेवढंच म्हणाले, पण ते कुणी विसरलं नाही.

त्या दिवशी तू आलीस. रेकॉर्डिंग स्टुडिओत लागून तुला वर्ष झालं होतं. आबा सुरू झाले. तू दुसऱ्या कडव्यापर्यंत कसाबसा दम धरलास, मग उठून बटण पंचेचाळीसवर सरकवलंस. आबा गेले आणि त्यांच्या जागी विशीतली एक मुलगी गायला लागली. तू हसत माझ्याकडे वळलीस. "मामा, आबा बाई आहेत!" तुला वाटलं, मीही हसेन. तुझा चेहरा मला अजून दिसतो.

आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चार दिवस वायरी गुंडाळल्या म्हणून कान येत नाहीत. ठेव ते होतं तिथं." वर लोकांना हेही सांगितलं की पोरीनं मुद्दाम वेग वाढवून थट्टा केली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तू चपला घातल्यास आणि गेलीस.

भिंगरी, मला माहीत होतं.

तुझ्या आधी चार वर्षं माहीत होतं. एका दुकानात तीच रेकॉर्ड धड अवस्थेत दिसली, आपल्या फाटक्या लेबलाच्या उरलेल्या तुकड्यावरून ओळखली; लेबलावर स्वच्छ पंचेचाळीस छापलेलं. घरी येऊन दार लावून आपली रेकॉर्ड त्या वेगात लावली. सगळा उलगडा झाला: वेग कमी म्हणूनच त्या मुलीचा आवाज पुरुषाचा वाटत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसलो. मनाला सांगितलं, ग्रंथपालांसाठी गप्प आहे. ते खोटं होतं. दिवसभर मी दुसऱ्यांची तोंडं भरतो, मला कोण विचारतं? पण शनिवारी चार ते सहा माझ्या शब्दाला वजन असतं. ते जाईल म्हणून मी घाबरलो आणि ते टिकवायला तुला खोटं पाडलं. ज्या पोरीला मी गाणं ऐकायला शिकवलं, ती शिकली, हाच तिचा गुन्हा झाला. याची मला फार लाज वाटते.

तीन आठवड्यांपूर्वी मी बैठकीत सगळं सांगितलं आणि गाणं खऱ्या वेगात वाजवलं. शिंपीणबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी एका पोरीवर भाळले होते म्हणायची!" ग्रंथपाल हसले नाहीत. त्यांनी शांतपणे पिशवी उचलली आणि म्हणाले, "मला सांगायला हवं होतंत." त्यानंतर ते आलेले नाहीत. मी वाचनालयात जाऊन भेटलो. त्यांनी माझ्या पुस्तकावर शिक्का मारला आणि एवढंच म्हणाले, "पाहू." त्यांचं काही चुकलं नाही.

त्या बैठकीतून निघताना शिंपीणबाईंनी दारातून विचारलं, "आणि त्या पोरीला कळवलंत?" मी म्हटलं, लिहितोय. तेव्हापासून लिहितोयच.

कारण आणखी एक सांगायचंय आणि ते याहून जड आहे. दोन महिन्यांपूर्वी तुझी रेकॉर्ड आली. तुझी स्वतःची, पहिली. सोबत चिठ्ठी, "मामा, आधी तू ऐक." मी एवढं बोलूनही पहिली प्रत मला पाठवलीस. आईनं तुला कळवलं असेल, मामाला फार आवडली. मीच तिला तसं सांगितलं. बेस छान बसलाय, असंही म्हणालो.

मी ती ऐकलेलीच नाही. वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही.

वाईट निघाली तर मला आत कुठेतरी बरं वाटेल की काय, याची भीती वाटली. आणि चांगली निघाली तर, जिला कान नाहीत म्हणालो तिनं हे केलं, मग मी तोंड कुठे लपवू? म्हणून ती तशीच ठेवली. तुझं पहिलं गाणं मी दोन महिने कोंडून ठेवलं, भिंगरी.

तर आता असं ठरवलंय. हे पत्र बंद करून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकणार. परत येणार, हात धुणार आणि मगच रेकॉर्ड लावणार. आधी ऐकून मग लिहिलं असतं, तर मामा तुझ्यापुढे नमला की तुझ्या गाण्यापुढे, हे तुला कधीच कळलं नसतं. मलाही नाही. गाणं कसंही असो, हे पत्र बदलायला मला ते परत मिळणार नाही.

माझं चुकलं. तुला बरोबर ऐकू आलं होतं.

अजून काहीच न ऐकलेला,
तुझा मामा