बाभळीचं तोंड कुणीकडं

मु. आखाडा बाळापूर,
आश्विन वद्य द्वितीया, फसली १३४७

राजमान्य राजेश्री व्यंकटराव मेहुणे यांस,

सटवाजीचा सप्रेम नमस्कार. इकडे सारे खुशाल आहेत; तुमच्या बहिणीचा गुडघा आणि आमचा पांढरा बैल तेवढा वगळा. तुमच्याकडे जवळा बाजारात कापसाची आवक सुरू झाली असेल. दगदग करू नका, तब्येतीला जपा.

लिहिण्यास कारण, डोंगरकड्याकडे नवी सडक निघाली आहे. निशाणाच्या काठ्या तुमच्या वडिलार्जित शेतातून थेट विहिरीवर गेल्या होत्या. वाटेत तुमच्या बांधावरची ती एकटी बाभूळ तेवढी तोडायची होती. बाभूळ ठेवायची तर सडक वळणार शेजारच्या माझ्या हळदीतून. म्हणजे एकाचं वाचलं की दुसऱ्याचं गेलं. मी अर्थात कोणाच्याच बाजूचा नव्हतो (हळद यंदा कमरेएवढी आली आहे, हे आपलं सहज सांगतो).

कामावरचा डोनोव्हन साहेब हा आयर्लंड नावाच्या बेटावरचा. (त्याचा खानसामा बद्रुद्दीन सांगतो की ते विलायतेला लागूनच आहे आणि दोघांचं आपल्या भावकीसारखं आहे.) साहेबानं बाभूळ पाहिली, टोपी काढली आणि कुऱ्हाडी खाली ठेवायला लावल्या. त्याच्या मुलखात म्हणे रानातल्या एकट्या काटेरी झाडाखाली चिमुकली माणसं राहतात. झाड तोडणाऱ्याची गाय आटते, तोंड वाकडं होतं. त्यांच्यातला एक चांभार जन्मभर एकाच पायाचा जोडा शिवतो आणि इंद्रधनुष्याच्या बुडाशी सोन्याचा हंडा पुरून ठेवतो. (एकेरी जोडे विकून हंडाभर सोनं कसं जमतं, ते बद्रुद्दीनलाही उलगडलं नाही.) तीन पानांचं गवत हे त्या देशाचं निशाण. देव तीन असून एक कसा, हे एका साधूनं त्या पानावर समजावलं होतं. हे ऐकताच ग्यानबा गुरवानं बेलाचं पान काढून दाखवलं आणि साहेब महादेवाचा निघाला, असं जाहीर केलं. पण त्याच साधूनं देशातले झाडून सारे साप समुद्रात हाकलले हे कळल्यावर औंढ्याच्या नागनाथाला हात जोडून त्यानं ते पान परत कनवटीला खोचलं.

साहेबाचं म्हणणं बद्रुद्दीननं सांगितलं, "ज्याचं घर हाय त्याला इचारल्याबिगर तोडनार न्हाई."

"मंग कौल लावू की," ग्यानबा म्हणाला. "त्यात काय तकलीफ?"

बाभळीला दोन अंगांनी झेंडूची फुलं चिकटवली. आधी उजवं पडलं तर तोडा, डावं पडलं तर राहू द्या. सारा गाव श्वास रोखून उभा, साहेबही. उत्तरेकडचं फूल पडलं. एकच गलका झाला आणि त्यातून कोणीतरी विचारलं, "पन बाभळीचं उजवं कंचं?" देवाला तोंड असतं म्हणून उजवं-डावं असतं, झाडाला तोंडच नाही. पूर्वेला तोंड धरलं तर पडलेलं फूल डावं, म्हणजे नकार. पश्चिमेला धरलं तर तेच उजवं, म्हणजे होकार. दिवस मावळेपर्यंत वाद झाला. शेवटी ग्यानबानं निकाल दिला की आत जे कोणी राहतात त्यांनीच सकाळपर्यंत तोंड दाखवावं.

सकाळी बाभळीला तोंड होतं. शेंदराचं, ठसठशीत, बराबर पूर्वेला. साहेबानं गुडघा टेकला, ग्यानबानं नारळ फोडला आणि काठ्या उपटून माझ्या हळदीत रोवल्या गेल्या. तुमची विहीर वाचली. गावात माझ्या त्यागाची फार वाहवा चालली आहे. मीही मान खाली घालून ती ऐकून घेतो.

आपला,
सटवाजी

ता. क. आभार मानू नका. शेंदूर मीच आणून कोनाड्यात ठेवला होता, पण तो पश्चिमेसाठी. पहाटे उठून पाहतो तर पुडी रिकामी आणि तुमच्या बहिणीची बोटं लाल.

आणखी एक. तुमच्या बहिणीला, नर्मदाबाईंना विचारलं, असं काहून केलं? तर म्हणाल्या, "बापानं खांदलेली हीर हाय. ती बी बुजली तर माहा भाऊ बाळापूरला कशापायी येईल?" विहीर जागेवर असतानाही तुम्ही गेल्या कित्येक भाऊबीजांना आला नाहीत, हे माझ्या तोंडून निघालं नाही. दरवर्षी त्या ओवाळणीचं ताट करतात आणि दिवस मावळला की झाकून ठेवतात. हळदीचं मी काही म्हणत नाही. यंदा या.