मेट्रनबाईंचा शेरा

माले, ता. ९ ऑगस्ट १९५८

चि. चंद्रास आबाचे अनेक आशीर्वाद. हितं समदं क्षेम हाय, लावणी उरकली.

तुझ्या नर्सिंगच्या शाळेचं पत्रक आलं. मेट्रनबाईंनी शेऱ्यात ‘फेअर’ लिवलंय. पोस्टमन म्हणाला, फेअर म्हंजी गोरी. तुझी आई चक्रावली, आपली चंद्रा कुटं गोरी. मग गुरुजींनी सांगितलं, फेअर म्हंजी चांगलं. आईनं लगोलग आळीत पेढे वाटले. पोरीला पुण्याला धाडू नको म्हणणाऱ्या तुझ्या हैबतकाकानंबी दोन खाल्ले.

तब्येत जप.
तुझा आबा

पुणे, ता. १७ ऑगस्ट

ती. आबांस चंद्राचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. इथं शेरे पाच. एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर. फेअर म्हणजे जेमतेम. दिवाळीपर्यंत सुधारणा दिसली नाही तर घरी पाठवणार आहेत. औषधांची इंग्रजी नावं चुकतात, म्हणून मी भिऊन मागं उभी राहते. बाई एकदा मला ‘नाइस गर्ल’ म्हणाल्या, तेव्हा दिवसभर हवेत होते. मैत्रीण म्हणाली, काम जमत नसलं पण स्वभाव बरा असला की तसं म्हणतात.

हैबतकाकांना सांगू नका. रागावू नका.
आपली चंद्रा

माले, ता. २४ ऑगस्ट

चि. चंद्रास आशीर्वाद.

रागावलो न्हाई. हैबतरावाला मात्र मीच जाऊन खरं सांगितलं. तो म्हणाला, पोरीला बोलावून घे. मी म्हणालो, ते तिचं ती ठरवंल. तू मागं उभी राहू नको. अडलं की बाईंनाच इचार, लाजू नको. आई म्हणती, दार उघडंच हाय, पण भिऊन येऊ नको.

आबा

पुणे, ता. ८ नोव्हेंबर

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही लिहिलंत तसं विचारत सुटले. बाई आधी वैतागल्या, मग स्वतःच शेजारी उभं करून शिकवू लागल्या. मला ठेवून घेतलंय.

पण काल आलेल्या शेऱ्यात ‘गुड’ नाही, ‘व्हेरी गुड’ही नाही. ‘रिलायबल’ लिहिलंय. हा शब्द त्या पाचांत नाही, म्हणून धीर करून अर्थ विचारला. बाई म्हणाल्या, जिच्यावर रोगी सोपवून मला निवांत जेवायला जाता येतं, ती.

एवढं सांगून त्या खरोखरच जेवायला निघून गेल्या. वॉर्डात बावीस खाटा होत्या, आणि मी.

माया आहेच, ती अशीच राहू द्यावी.
आपली चंद्रा