न दिलेले गुण

ओविएदो,
१४ डिसेंबर १९८६

तीर्थरूप बाबांस,
हिमेनाचा शि. सा. न. वि. वि.

रागावणार असाल तर अर्ध्यावर रागावू नका, पत्र शेवटपर्यंत वाचा.

काल नाताळच्या चीज-स्पर्धेच्या चाखणीसाठी कॅथेड्रलमागच्या जुन्या सभागृहात आम्हा पाच परीक्षकांना बोलावलं होतं. कॉलेजातर्फे गेलेली मी सगळ्यांत लहान. आल्याआल्याच फजिती. सफरचंदाची सिद्रा ओतणाऱ्याने बाटली डोक्यावर धरून पेल्यात धार सोडली, मी घोट घेतला आणि गावच्या सवयीने तळाचा थेंब खाली टाकला. खाली गालिचा होता! त्याने विचारलं, पोरी, डोंगरातून आलीस का थेट?

चीजांभोवती गुंडाळलेली पानं काढलेली, नावं झाकलेली. चौथा तुकडा जिभेवर ठेवला आणि आई गेल्याला दोन वर्षं झाली हेच विसरले. तोच शेळीच्या दुधाचा तिखटपणा, तोच आपल्या चीज मुरवायच्या गुहेचा ओला वास. मी उभी राहून सांगितलं, हे माझ्या घरचं आहे, मी गुण देणार नाही. अध्यक्ष म्हणाले, बाई गं, गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं? नियमाप्रमाणे ते चीज स्पर्धेतून बाद झालं.

बाबा, आईमागे पहिल्यांदाच तुम्ही चीज पाठवलंत आणि पोटच्या पोरीनेच ते बाहेर काढलं. पण आपल्या चीजला आपण चांगलं म्हणायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? बाकीच्यांना मन लावून गुण दिले. एक स्वच्छ, सरळ होतं, पण नुसत्या गाईच्या दुधाचं. त्याला मधले गुण दिले.

नावं उद्या उघडतील. माझं जेवणात लक्ष नाही.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.
तुमची,
हिमेना


सोत्रेस,
१८ डिसेंबर

चि. हिमेनास,
शेजारच्या ओब्दुलियाकाकूचे अ. उ. आ.

तुझे बाबा तुझं पत्र खिशात घालून गावभर वाचून दाखवत फिरताहेत, म्हणून उत्तर मी लिहिते.

निकाल आला. बयो, तू बाद केलंस ते चीज माझं! तुझ्या बाबांचं ते नुसत्या गाईच्या दुधाचं. वसंतात त्यांचे गुडघे गेले, शेळ्यांमागे कडा चढवेना, तेव्हा शेळ्या त्यांनी मला दिल्या. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली. पोरगी शिक्षण टाकून धावत येईल म्हणाले. उन्हाळ्यात तू आली नाहीस, म्हणून ते झाकलं गेलं. शेळ्या तुझ्या आईच्या, एतेल्विनाच्या, गुहा तीच, आणि चीज मुरवायला मी शिकले तीही तिच्याच हाताखाली. तेव्हा तू चुकली नाहीस. घर ओळखलंस, उंबरा तेवढा बदलला होता.

आधी मी चिडले, खोटं कशाला बोलू? वर्षाची मेहनत तुमच्या कारटीने पाण्यात घातली, असं बाबांच्या तोंडावर म्हणाले. त्यांनी सिद्रा उघडली. म्हणाले, तुझं काय वाईट झालं, तुझं चीज माझ्या बायकोचं ठरलं. मला तर माझ्याच लेकीने मधले गुण दिले! आणि हे सांगताना छाती अशी फुगलेली, जणू पहिलं बक्षीस यांनाच मिळालंय. मग मलाही हसू आलं. एकाच पेल्यातून प्यालो, तळाचा थेंब एतेल्विनाच्या नावाने अंगणात टाकला.

वसंतात व्यायणारी एक शेळी त्यांच्यासाठी वेगळी बांधलीय. घेत नाहीत. तू दटाव.

काकूवरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.
ओब्दुलिया


ओविएदो,
२३ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काकूंचं पत्र घेऊन मी अध्यक्षांकडे गेले. निकाल फिरत नाही म्हणाले, पण रविवारच्या चाखणीत ते चीज मांडायला परवानगी दिली. बशीपाशी मीच उभी राहिले. लोक घोट घ्यायचे, पेला पुढच्याला द्यायचे आणि पुन्हा त्याच बशीकडे वळायचे. कुणाचं म्हणून विचारलं की मी मान ताठ करून सांगायची, करणारी ओब्दुलिया, शेळ्या एतेल्विनाच्या. सगळ्यांत आधी तीच बशी रिकामी झाली. तुमचं थोडं उरलं, ते घरी आणून मी खाल्लं. गुण मात्र वाढवलेले नाहीत.

शेळी घ्या. जानेवारीत तीन राजांच्या सणाला मी येते, कड्यावर तिला मी नेईन. आता कुणाला शपथा घालू नका.

पुढच्या नाताळात तुमच्या चीजला मी गुण देणार नाही, हे अध्यक्षांना आजच सांगून ठेवलंय. मला ते ओळखू येणार आहे.

गुडघे जपा, आणि माझ्यावर जीव असू द्या.
तुमची,
हिमेना